रिकाम्या खोलीचं मोजमाप

३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी वेगळे लिहीत नाही. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा जिना चढताना गप्प असतो आणि उतरताना कुरकुरतो, त्यामुळे ती एकदा वर माझ्या खोलीत आली की दोन-दोन तास हलत नाही आणि तिथूनच मला खाली हाका मारत बसते. फोनवर आपण दोघी तिसऱ्या मिनिटाला भांडतो म्हणून पत्रांचा हा नियम तिनेच घातला, पण आता पोस्टमन दिसला की पाकीट आधी तीच हिसकावते. तुझं मागचं पत्र तिनेच मला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘नापास’ या शब्दापाशी अडखळली. तिचंही बरोबर आहे, तुझ्या नावापुढे हा शब्द वाचायची तिला सवय नाही. माझ्या नावापुढे तिने तो न थांबता वाचला असता.

मग तिने विचारलं, यंत्र नापास होतं म्हणजे नक्की काय होतं? एकोणीस वर्षं मी लॅबमध्ये यंत्रं तपासायचं हे काम करतेय आणि तिने हे पहिल्यांदा विचारलं, तेही यंत्र तुझं होतं म्हणून. मी सांगितलं, विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू थोडी बडबडते. आपल्या कानाला ते ऐकू येत नाही, पण रेडिओला येतं, शेजारच्या यंत्रालाही येतं. बडबड ठरलेल्या रेघेच्या वर गेली की आम्ही सर्टिफिकेट देत नाही, कारण दवाखान्यात एकाच्या बडबडीने दुसरं यंत्र गोंधळलं तर माणूस जाऊ शकतो. आई म्हणाली, “म्हणजे बडबडणाऱ्यांना गप्प करायचं तुझं काम. बरी शोभते तुला ही नोकरी.”

आता तुझ्या श्वास मोजणाऱ्या यंत्राचं. तू लिहिलंस की सगळीकडे शांत आहे, फक्त एकशे सात पूर्णांक दोन मेगाहर्ट्झवर एक शिखर उभं आहे, रेघेच्या चार डेसिबल वर. तुमच्या ऑफिसात शोधलं तर सापडत नाही, आणि तुझ्या सर्किट बोर्डावर त्या आकड्याचं काही नाहीच. भिंगरी, सगळे जण असंच म्हणतात. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मते त्याचं यंत्र निर्दोष असतं आणि आमची अँटेना बिघडलेली असते. बडबड अडवायला यंत्राच्या पेटीला तांब्याची पट्टी चिकटवत बसू नकोस. छातीच्या पट्ट्याकडे जाते ना, ती दीड मीटरची पांढरी वायर बघ. एवढी लांब वायर म्हणजे चांगली अँटेनाच.

कोणी तपासलं असंही विचारलंस. आमच्याकडे हे काम तिघे करतात. कोणाच्या टेबलावर काय आलं हे बाहेर बोलायचं नसतं. आणि नात्यातल्या कोणाचं यंत्र असेल तर त्याला हातच लावायचा नाही. ‘अर्जदाराशी माझे कोणतेही नाते नाही’ असं प्रत्येक वेळी फॉर्मवर सही करून द्यावं लागतं. तेव्हा मला माहीत असण्याचा प्रश्नच येत नाही.

मोजमापात चूक असेल का, असं तू लिहिलं नाहीस, पण तुला म्हणायचं होतं. तर आमच्या मोठ्या साहेबांचा नियम सांगते. यंत्र ठेवायच्या आधी रिकामं चेंबर मोजायचं. चेंबर म्हणजे लोखंडी खोली, आतून सगळ्या भिंतींना फोमचे सुळके, बाहेरचं काही आत येत नाही. तरी मोजायचं. आणि मध्येच कोणी आत पाऊल टाकलं तर यंत्र बंद करून पुन्हा मोजायचं. अर्धा तास जातो. बाकीचे दोघे कंटाळतात. मी कंटाळत नाही, हे साहेब नव्या लोकांना मुद्दाम सांगतात.

बाबांचा तो खेळ आठवतो? दुरुस्तीचं दुकान बंद करून आले की एखादा बिघडलेला बॅटरी एलिमिनेटर नाहीतर ट्यूबलाइटचा जुना चोक कपाटामागे चालू करून ठेवायचे, आणि त्या पंजाएवढ्या रेडिओची खरखर कुठे वाढते ते ऐकत आपण घरभर फिरायचो. दर वेळी मी आधी शोधायचे. तू दुसऱ्या मिनिटाला रेडिओच उघडून बसायचीस. “धाकटीला ऐकू येत नाही, पण हात आहे,” असं बाबा म्हणायचे. मला काय आहे ते ऐकायला मी थांबायचे, तोवर त्यांना जेवायला बोलावलेलं असायचं.

तुझं पेपरातलं कात्रण आईने फ्रीजच्या दारावर लावलंय. रोज दूध काढताना तुझं तोंड दिसतं. ‘वडिलांच्या आजारपणात ही कल्पना सुचली’ असं छापलंय. वाक्य छान आहे. त्या आजारपणात तू एकूण अकरा दिवस इथे होतीस, पण कल्पना सुचायला अकरा दिवस पुष्कळ झाले. मी सात महिने हातात घड्याळ धरून त्यांचे श्वास मोजत होते आणि वहीत लिहीत होते. मला काही सुचलं नाही. वहीसुद्धा तूच नेलीस.

बाकी काही विशेष नाही. तब्येतीला जप, आणि वायर बघ.

तुझी,
ताई

ता. क. बाबांच्या रेडिओचं पुन्हा विचारलंस. नाही सापडला. माळ्यावर एक खोकं राहिलंय, सवडीने बघते.


१९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं. आईचा गुडघा आहे तसाच आहे. समोरच्या इमारतीला रंग लावताहेत, त्यामुळे खिडक्या बंद आणि आम्ही दोघी दिवसभर एकमेकींच्या तोंडासमोर. तिला तुझ्या पत्रातला मजकूर अर्धाच वाचून दाखवला. उरलेला अर्धा माझ्यासाठी होता.

वायर पांढरी आहे आणि दीड मीटरची आहे हे मला कसं कळलं, असं विचारलंस. दवाखान्यातल्या सगळ्याच वायरी पांढऱ्या असतात, असं मी पहिल्यांदा लिहिलं. मग कागद फाडला. तू लहानपणापासून एक प्रश्न धरलास की सोडत नाहीस, तेव्हा उगाच पोस्टाला का राबवायचं?

हो. मीच तपासलं.

तुझ्या कंपनीचं नाव यादीत दिसलं तेव्हा मी त्या आठवड्यात रोजच्यापेक्षा तासभर आधी कामावर गेले आणि ते खोकं स्वतः उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. आपली आडनावं वेगळी, त्यामुळे कोणाला कळायचं कारण नव्हतं. नातं नाही या वाक्याखाली मी सही केली. माझी सही नेहमीसारखीच आली.

तुला वाटेल, का? मी स्वतःला असं समजावलं की बाकी दोघांपैकी एक घाईचा आहे आणि एक तुझ्या कात्रणाने दिपलेला आहे. कोणी डोळे झाकून पास केलं आणि उद्या दवाखान्यात काही झालं तर नाव तुझंच खराब होईल. मोठी बहीण म्हणून मला काळजी. हे कारण मला इतकं आवडलं की मी ते दोन आठवडे वापरलं.

पण तू मला ओळखतेस. मला तुझं यंत्र माझ्या हातात हवं होतं. त्यात काहीतरी खोट सापडावी असं वाटत होतं. आयुष्यभर तू अर्धवट सोडलेल्या गोष्टी मी निस्तरल्या आणि टाळ्या तुला मिळाल्या. तुझा बारावीचा प्रकल्प आठव. रात्र जागून तारा मी जोडल्या, स्टेजवर तू गेलीस, आणि खाली आल्यावर बाबांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. मी मागे बॅटरीचं खोकं धरून उभी होते. हे तुझ्या लक्षातही नसेल. मला त्या खोक्याचा रंग आठवतो.

तर शिखर पडद्यावर आलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. मी चहा मागवला आणि दोन बिस्किटं खाल्ली. एरवी मी बिस्किटं खात नाही.

एवढं मान्य केल्यावर आता हेही ऐक. सही खोटी होती, रीडिंग खोटं नाही. मी आकडा बनवलेला नाही. पडद्यावर जे आलं तेच रिपोर्टात आहे. तुला माझी तक्रार साहेबांकडे करायची असेल तर कर, मी अडवणार नाही. पण यंत्राचं म्हणशील तर तुलाच पुन्हा शोधावं लागेल.

दवाखान्याने पंधरा मार्चची मुदत दिली आहे आणि तुझे भागीदार तोंड फिरवून बसतात, असं लिहिलंस. भागीदार असेच असतात. फार मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी,
ताई


७ मार्च, शनिवार

भिंगरी,

तुझं पार्सल सोमवारी आलं. आत शिव्या असतील या तयारीने उघडलं. कागदात गुंडाळलेला बोर्ड निघाला आणि तुझी चिठ्ठी. ती मला आता पाठ झाली आहे. “ताई, तुझ्या हातात होतं हे वाचून मी सुटले. दुसऱ्या कोणी मोजलं असतं तर मी मोजमापावर शंका घेतली असती. तुझ्या कानावर कशी घेऊ? म्हणजे चूक माझीच आहे. मला ऐकू येत नाही, बाबा म्हणायचेच.” आणि खाली, भागीदारांनी दुसरा माणूस आणलाय, तो सगळा बोर्ड नव्याने करणार, पंधराला तू तुझं काम त्याच्या हवाली करून सही करणार. त्याआधी एकदा ताईने बघावं, म्हणून बोर्ड पाठवलास.

तू चिडायला हवं होतंस. चिडली असतीस तर मी न बोलता आणखी एक वर्ष सहज काढलं असतं.

बोर्डावरचं पत्र्याचं झाकण मी उघडलं. तुझं यंत्र तपासलं तेव्हा ते बंद पेटीत होतं, आमच्या विभागात पेटी उघडायची नसते. झाकणाखाली, जिथे कोणाची नजर जायची नाही तिथे, पांढऱ्या बारीक अक्षरात तू छापून घेतलं आहेस: ‘श्वास मोजले ताईने.’ तारीख दोन वर्षांपूर्वीची. म्हणजे कात्रणाच्या आधीची, माझ्या सगळ्या धुसफुशीच्या आधीची.

खरं सांगते, ते वाचून पहिल्यांदा मला रडू आलं नाही. रागच आला. उदारपणातसुद्धा हीच पुढे, असं वाटलं. मग मी बोर्ड घेऊन शेजारच्या विभागात गेले. तिथे आमचा बोटवाला बसतो. त्याच्याकडे माणसाच्या बोटासारखं सांध्यांचं लोखंडी बोट असतं, ते तो प्रत्येक यंत्राच्या फटीत घालून बघतो, आत विजेला हात लागतो का ते. त्याने तुझी पेटी उघडली होती, आतलं झाकणसुद्धा. मी अक्षरं दाखवली तर म्हणाला, “तेव्हाच बघितलं होतं. म्हटलं, असेल कोणाचीतरी ताई.”

आता ते लिहिते जे लिहायला लागू नये म्हणून मी आधीची दोन पत्रं लिहिली.

बाबांचा रेडिओ माझ्याकडे आहे. माळ्यावर कुठलंही खोकं नाही. ते गेले त्याच दिवशी, तू अजून प्रवासात होतीस तेव्हा, मी तो तुझ्या कपाटातून काढून माझ्या पर्समध्ये ठेवला. नंतर तू घरभर शोधलास, गाद्या उलटल्यास, आणि मीही तुझ्याबरोबर गाद्या उलटल्या. तू पलंगाच्या काठावर बसून रडलीस तेव्हा पाणी मीच आणून दिलं. तो तुला होस्टेलला जाताना दिला तेव्हा मी बाबांना विचारलं होतं, हिलाच का? ते म्हणाले, “तुला कशाला? तुला तसंच ऐकू येतं.” आज कोणी सांगितलं तर हे किती मोठं कौतुक वाटेल. पण मला कौतुक नको होतं, रेडिओ हवा होता.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी नियमाप्रमाणे रिकामं चेंबर मोजलं. तुझं यंत्र टेबलावर ठेवलं, पट्टा बनावट छातीला बांधला, वायर मापाने सोडली, दार लावून बाहेर बसले. टेबल फिरलं, अँटेना वर-खाली झाली. पडद्यावर काही नाही. रेघेच्या कितीतरी खाली सगळं सपाट. एकोणीस वर्षांत इतकं गप्प यंत्र मी पाहिलं नव्हतं. भिंगरी, तुझं यंत्र पास झालं होतं. पहिल्याच फेरीत, साडेअकराला. मी तिथेच सही करून उठायला हवं होतं.

माझ्या पोटात इतकं दुखलं की मला बसवेना. असं कसं काहीच नाही? मी पर्समधला रेडिओ काढला, आत गेले आणि तुझ्या यंत्राभोवती फिरवू लागले, लहानपणी कपाटांभोवती फिरवायचे तसा. वायर इकडची तिकडे केली. काही सापडेना. तेवढ्यात मोठ्या साहेबांनी बोलावलं. मी रेडिओ टेबलाखालच्या फळीवर ठेवला आणि गेले. वीस मिनिटांनी आले, दार लोटून घेतलं आणि पुन्हा फेरी लावली. वायर हलवली होती, म्हणून पुन्हा मोजणं नियमात बसत होतं. पण मी आत पाऊल टाकलं होतं. यंत्र बंद करून रिकामी खोली पुन्हा मोजायला हवी होती. तो अर्धा तास मी दिला नाही. मला घाई झाली होती.

आणि शिखर आलं.

रेडिओ आत चालू राहिलाय हे तेव्हा माझ्या ध्यानात नव्हतं. बाकी कशावर विश्वास ठेवू नकोस, पण एवढ्यावर ठेव. बाबांनी आपल्याला सांगितलं होतं की रेडिओ नुसता ऐकत नाही, स्टेशन पकडायला त्यालाही आतल्या आत एक सूर काढावा लागतो, आणि जुना रेडिओ असेल तर तो बाहेर सांडतो. स्टेशनच्या आकड्यात दहा पूर्णांक सात मिळवायचे. काटा बाबांच्या गाण्यांच्या स्टेशनवरच होता, मी तो कधी हलवत नाही. शहाण्णव पूर्णांक पाच. मिळवून बघ. फळी टेबलाबरोबर फिरते, म्हणून शिखरही टेबलाबरोबर कमी-जास्त होत होतं, अगदी तुझ्या यंत्रातून निघाल्यासारखं. तू पाच आठवडे तुझ्या बोर्डावर जे शोधत होतीस ते बाबांचं स्टेशन होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान काढताना फळीवर तो दिसला. सेल संपत आले होते, अगदी बारीक खरखर चालू होती. आकडा मला उभ्या उभ्या कळला, मिळवावासुद्धा लागला नाही. रिपोर्ट अजून साहेबांच्या टेबलावर होता, तुमच्याकडे निघालेला नव्हता. त्यांच्या खोलीपर्यंत पंधरा पावलं असतील. मी रेडिओ बंद केला, पर्समध्ये टाकला आणि पुढचं काम घेतलं. रीडिंग खोटं नाही, असं तुला लिहिलं ना? ते मी हे सगळं माहीत असताना लिहिलं.

तुझी चिठ्ठी आल्यावर तीन दिवस मी बोर्ड पिशवीत घालून कामावर नेत-आणत राहिले. काल सकाळी रेडिओ घेऊन मोठ्या साहेबांकडे गेले आणि बसायच्या आतच सगळं सांगून टाकलं. त्यांनी रेडिओला नवे सेल घातले, स्वतः चेंबरमध्ये गेले आणि टेबलावर नुसता तो ठेवून आले. यंत्र नाही, वायर नाही, काही नाही. आम्ही दोघं पडद्यासमोर उभे राहिलो. एकशे सात पूर्णांक दोनवर ते शिखर उभं राहिलं, तितकंच उंच.

“हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“दुसऱ्या दिवसापासून.”

“नव्या लोकांना मी तुमचं उदाहरण देतो,” ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी रेडिओ बाहेर आणला, रिकामी खोली मोजली, तुम्ही जोडीला पाठवलेलं, आमच्याकडेच राहिलेलं दुसरं यंत्र ठेवलं आणि तीन फेऱ्या स्वतः केल्या. मला बाहेर खुर्ची दिली होती. दाराच्या काचेतून पडदा दिसत होता. तिन्ही वेळा सपाट. सोमवारी तुझ्या ऑफिसला लॅबचं पत्र येईल: जुना रिपोर्ट रद्द, यंत्र पास, सर्टिफिकेट सोबत. कारण म्हणून ‘तपासणीतील त्रुटी’ एवढेच दोन शब्द असतील. त्या दोन शब्दांच्या आत काय आहे ते तुला माहीत हवं, म्हणून हे पत्र. पंधराला कशावरही सही करू नकोस. तो दुसरा माणूस आला असेल तर त्याला चहा दे आणि परत पाठव.

माझा सहीचा अधिकार काढून घेतला आहे. चौकशी होईल, या वर्षी मी तपासलेलं सगळं पुन्हा तपासतील. नोकरी राहील असं वाटत नाही, आणि राहावी असं सांगायला मला तोंड नाही. बोटवाला माझ्याशी बोलत नाही. त्याने काल माझा कप मात्र धुऊन ठेवला होता.

आईला सांगितलं. वाटलं होतं कात्रणाकडे बघून काहीतरी बोलेल. ती म्हणाली, “रेडिओ तुझ्याकडे आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. तुझ्या खोलीत खरखर ऐकू यायची. म्हटलं, असू दे हिच्याकडे काहीतरी.” मग गुडघा धरत जिना उतरून गेली. बाबा गेल्यापासून पाच वर्षं ती माझ्या खोलीत दोन-दोन तास का बसायची, ते मला आता कळतंय. तिलाही त्या रेडिओजवळ बसायचं होतं.

माफ कर असं लिहीत नाही. तू लगेच करशील, आणि मग त्यातही तूच पुढे राहशील. थोडे दिवस चिडून राहा. माझ्यासाठी एवढं कर.

आणि एक खरं राहिलंच. माझं दुखणं गेलेलं नाही. काल काचेतून तिसरी फेरी सपाट दिसली तेव्हाही पोटात कळ आलीच. ते कमी होईल की नाही मला माहीत नाही. पण आता ते कुठून येतंय हे मला नीट ठाऊक आहे, आणि ते तुझ्या यंत्रातून येत नाही.

रेडिओ याच पार्सलमध्ये आहे. सेल काढून वेगळे बांधलेत. काटा हलवलेला नाही.

फॉर्मवरचं ते वाक्य साहेबांनी मला माझ्या हाताने दुरुस्त करायला लावलं. तुझ्याकडेही एक प्रत असावी म्हणून खाली लिहून देते.

अर्जदाराशी माझे नाते आहे.

सही,
तुझी ताई